मुरलेला चिखल

बाईंच्या घरी पाहुणा आला की त्या आधी पाणी द्यायच्या, मग चहा द्यायच्या, आणि त्याचा कप खाली ठेवून होईपर्यंत विचारून मोकळ्या व्हायच्या, की तुमच्याकडे जुने सुती बनियन आहेत का. भोकं पडलेले चालतील, मळके चालतील, फक्त टेरीकॉट नको. पाहुणा नवखा असेल तर त्याला वाटायचं, बाई समाजकार्य करतात. पुढच्या खेपेला तो बिचारा पिशवीभर कपडे घेऊन यायचा आणि परसातल्या दोरीकडे बघून गार व्हायचा. तिथे गावातल्या भल्याभल्यांचे बनियन वाळत असायचे. कुणाची नुसती शिवण उरलेली, कुणाची जाळी झालेली. एखादा मात्र रंगाने कोऱ्या चहासारखा झालेला, पण धडधाकट. प्रत्येकाला सेफ्टी पिनेने चिठ्ठी टोचलेली असायची, कुठल्या मातीत पुरला होता आणि किती खोल.

‘किती खोल?’ हा बाईंचा जगाला विचारायचा एकच प्रश्न होता. कॉलेजातल्या शिपायाने सांगितलं की पायात काटा गेलाय, तरी हाच प्रश्न, आणि फिजिक्सच्या सरांचं एका विद्यार्थिनीच्या मोठ्या बहिणीवर मन बसलंय अशी बातमी स्टाफरूममध्ये फुटली, तेव्हाही बाईंनी पेपरातून डोकं वर काढून शांतपणे विचारलं, किती खोल? सर लाजून बाहेर गेले. लग्न झालं त्यांचं पुढे, तेव्हा बरंच खोल असणार.

मी नांदगावची. आमच्याकडे चिखल म्हणजे चार दिवसांची चैन, पाचव्या दिवशी जमीन तडकून मोकळी. नव्वदच्या दशकात रसायनशास्त्राची नवी लेक्चरर म्हणून मी नाशिकला आले आणि वनस्पतिशास्त्राच्या या बाईंच्या घरात, गंगापूर रोडला, मागची खोली भाड्याने घेतली. भाडं किती, पाणी कधी येतं, यातलं बाई काही बोलल्या नाहीत. माझ्या ओढणीचं टोक दोन बोटांत चोळून बघितलं, म्हणाल्या, “मिश्र आहे. पण ये राहायला.” मी पहिल्याच आठवड्यात घरी पत्र टाकलं की घरमालकीण चांगली आहे पण थोडी सटकलेली आहे. आईने उलट टपाली कळवलं की खोली मोठी असेल तर सोडू नकोस.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. तब्येतीने किडकिडीत, आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत सहज जाणारा. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, खाली काळे गमबूट चढवून, लुनावरून त्या निघाल्या की कॉलेज रोडची पोरं रस्ता द्यायची. त्यांच्या डिकीत पुस्तकं कमी आणि चिखल जास्त असायचा. त्या चिखलावर एवढ्या प्रेमाने बोलायच्या की ऐकणाऱ्याला आपल्याच नातलगांची आठवण यायची.

पहिल्या तासाला त्या वर्गात लोणच्याच्या दोन बरण्या घेऊन जायच्या. एकीत कैरीच्या फोडी तेलाखाली बुडालेल्या, दुसरीतलं तेल मुद्दाम काढून टाकलेलं. पंधरवड्याने तेलाखालचं लोणचं तसंच आणि दुसऱ्या बरणीतल्या फोडींनी बुरशीची पांढरी टोपी घातलेली. बाई म्हणायच्या, तेल म्हणजे हवेसाठी लावून घेतलेलं दार. दलदलीत हेच काम पाणी करतं. गवत मरतं, पाण्यात पडतं, त्यावर पुढच्या वर्षीचं गवत पडतं. खाली हवा पोचत नाही, त्यामुळे कुजवणाऱ्या जिवांचे हातपाय बांधलेले. त्यांचं काम चालू असतं, पण सरकारी गतीने. म्हणून गवताच्या अंगातला कार्बन हवेत परत जायच्या ऐवजी थरावर थर बसत जातो. “कुजणं वेगळं आणि मुरणं वेगळं,” असं म्हणून त्या चांगल्या बरणीतली एक फोड तोंडात टाकायच्या आणि तास संपवायच्या. मुली वहीत लोणचं लिहून घ्यायच्या.

परदेशात असली काळी, मऊ, पाण्याने फुगलेली जमीन मैलोन्‌मैल असते, तिला पीट म्हणतात. बाईंनी ती जन्मात पाहिली नव्हती, पुस्तकातल्या धुरकट फोटोंवरच समाधान. पण त्यांचं माहेर दिंडोरीच्या पलीकडे, पेठच्या डोंगरांकडे रस्ता चढायला लागतो त्या बाजूचं, आणि तिथे त्यांच्या वडिलांच्या जमिनीत, दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत, तसाच एक तुकडा होता. खालून झरा, वर लव्हाळं आणि गवत, बारा महिने ओल. गावात त्याला ‘हलतं शेत’ म्हणत. बाईंनी लहानपणी तिथे उड्या मारल्या होत्या आणि मोठेपणी तिथेच बनियन पुरले. कॉलेजातलं सगळं शिकवणं, घरातल्या बरण्या, दोरीवरचे कपडे, हे सगळं फिरून फिरून त्या तुकड्याशी येऊन थांबायचं.

मला त्यांनी पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा मी घरून आणलेल्या नव्या चपला घातल्या होत्या. चपला अजून तिथेच आहेत. बाई म्हणाल्या, उडी मार. मी मारली, तर माझ्यापासून चांगल्या अंतरावरचं लव्हाळं डुललं. पायाखाली जमीन आहे की गादी, कळेना. मग मी लाज सोडून उड्याच मारत सुटले आणि बाई गमबुटात उभ्या राहून हसत होत्या. त्यांनी एक लांब पाइप चिखलात दाबला, फिरवून वर काढला आणि आतला काळा दांडा फळीवर आडवा निजवला. वरच्या टोकाला गवताची मुळं, मध्ये भुसा, खाली लोणी लावावं तसा गुळगुळीत काळा चिखल, आणि त्यातही गवताची काडी ओळखू येत होती. ती काडी त्यांच्या पणजोबांच्याही आधीची, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मी हात पुसून मग ती हातात घेतली.

खड्ड्यात पाणी साचलं ते तांबूस होतं. बाई म्हणाल्या, वरचं ताजं गवत भिजतं, त्याचा अर्क निघतो आणि तो पाण्याबरोबर हळूहळू खाली झिरपतो. खालच्या अंधारात जे जीव राहतात ते हा वरून आलेला ताजा अर्क खातात, त्याचा वायू करतात आणि बुडबुडे वर पाठवतात. जुन्या ठेव्याला ते फारसे शिवत नाहीत. मी रसायनवाली, मला पटेना. एवढा ढीग पुढ्यात असताना वरून कधी येईल त्याची वाट कशाला बघायची? बाईंनी मला विचारलं, घरात गरम भाकरी होत असेल तर तू मागच्या वर्षीचा पापड शोधायला जातेस का? विषय संपला. पण त्या दिवसापासून चिखल म्हणजे नुसता पडून राहिलेला चिखल, असं मला परत कधी वाटलं नाही. खाली-वर केवढी ये-जा चाललेली असते, आणि आपण वरून म्हणतो, काय घाण आहे.

ते बुडबुडे पकडायचा बाईंना छंद होता. उलट्या नरसाळ्याखाली पायाने चिखल दाबायचा, वर येईल तो वायू लुनाच्या जुन्या ट्यूबमध्ये भरायचा. एकदा अशी फुगलेली ट्यूब खांद्यात अडकवून आम्ही दिंडोरीहून एस. टी. ने परत येत होतो. कंडक्टरने विचारलं, ट्यूबमध्ये काय आहे. बाई खोटं बोलत नसत. म्हणाल्या, हलत्या शेतातला वायू आहे, जळतो. पुढच्या स्टॉपला आम्ही दोघी आणि ट्यूब खाली. तिथून टोमॅटोच्या ट्रॅक्टरवर बसून नाशिक गाठलं, बाई क्रेटवर आणि मी ट्यूबला मिठी मारून. दुसऱ्या दिवशी विज्ञान प्रदर्शनात बाईंनी त्याच वायूवर निळसर ज्योत पेटवून प्राचार्यांना अर्धा कप चहा करून दिला. दुसरा अर्धा व्हायच्या आत ट्यूब संपली. प्राचार्यांनी तो चहा असा घेतला, जसं काही त्यात चिखलच उतरलाय.

आता ब्लाऊज पीसची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिथून झालं. हळदीकुंकवाला, बारशाला, वास्तुशांतीला मिळालेले ब्लाऊज पीस कोणी शिवत नाही, ते फिरतात. आज मला आलेला उद्या मी तुला देते, तू परवा तिसरीला. बाईंनी हा फेरा मोडला. मिळालेला प्रत्येक पीस त्या अर्धा परसातल्या खतात आणि अर्धा हलत्या शेतात पुरायच्या. एका संक्रांतीला प्राचार्यांच्या पत्नींनी सगळ्यांना टू बाय टूचे पीस वाटले आणि शंभर टक्के सुती आहेत असं दोनदा सांगितलं. पुढच्या संक्रांतीला बाईंनी तो पीस पर्समधून काढला, झटकला, आणि भर बैठकीत कौतुकाने म्हणाल्या, “बघा, वर्षभर खतात होता. एक धागा कुजला नाही. सुती नाहीच हा.” त्यानंतर नाशिकातल्या बायका बाईंना स्टीलच्या वाट्या द्यायला लागल्या.

ही कीर्ती दिंडोरीपर्यंत पोचली होती. तिथे बाईंचे धाकटे भाऊ राहायचे, त्यांना सगळे तात्या म्हणत. द्राक्षाचे बागाईतदार, अंगाने आडवे, मनाने लोणी, रागाने फटाका. वडील गेले त्या वर्षी बाईंनी सगळी जमीन तात्यांच्या नावे सोडून दिली होती. बहिणी करतात तसं, तहसीलदार कचेरीत जाऊन हक्कसोडीवर सही केली. त्या दिवशी तात्यांनी बहिणीला साडी नेसवली आणि सोबत रेशमी खण दिला, जांभळा, हिरव्या काठाचा, त्यांच्या आईच्या आवडीचा रंग. साडी बाई नेसायच्या. खण त्यांच्या अंगावर कुणी कधी पाहिला नाही.

दोन हजार साल उलटलं आणि दिंडोरीकडे द्राक्षाने सगळ्यांना वेड लावलं. तात्यांनी माळ लावला, उतार लावला, गोठ्यामागची जागा लावली. राहिलं हलतं शेत. एका उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं की चर खोदायचा, पाणी ओढ्याला काढून द्यायचं, वर्षभर भाजीपाला घ्यायचा आणि मग त्यात बाग उभी करायची. निम्मं आधी, निम्मं नंतर. बाईंना हे कळलं तेव्हा त्या दिवसभर दोरीवरच्या चिठ्ठ्या नीट करत होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, जमीन त्याची आहे, मी सही केलीय, मी काय तोंडाने नको म्हणू? मला फार वाईट वाटलं. ही बाई जगाला प्रश्न विचारायची आणि स्वतःच्या भावाला एवढंसं विचारायची चोरी.

जे.सी.बी. चालला आणि चराच्या तळातून बकेटीत खण आला. जांभळ्याचा तपकिरी झाला होता, पण काठ शाबूत. वहिनींनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, धुतला आणि ओळखला. तात्या बांधावर मट्‌कन बसले म्हणतात. त्यांना वाटलं, आईच्या आवडीचा, आपल्या हाताने दिलेला खण ताईने त्या बनियनांच्या रांगेत नेऊन पुरला, कुजायला. त्यांनी तो कागदात गुंडाळून नाशिकला पाठवून दिला. सोबत शब्द नाही.

बाईंनी पुडकं उघडलं, खण उजेडात धरला, हुंगला, आणि मला हाक मारली. “अगं बघ, इतकी वर्षं! वीण सुटली नाही कुठे!” त्यांचा आनंद खरा होता. मी विचारलं, बाई, तात्यांना काय वाटलं असेल? तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, जा आणि समजावून सांगा. त्या म्हणाल्या, आमच्या घरात जो समजावून सांगायला जातो तोच चुकलेला धरतात. मग त्यांनी तात्यांना फोनवर फक्त एक मागणं केलं. सुकवलेल्या तुकड्यात एक लोखंडी पाइप खालच्या खडकापर्यंत ठोक, वरचं तोंड जमिनीबरोबर राहू दे. तात्यांनी काही न विचारता ठोकला. मागणं एवढंच आहे म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं असावं.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला बाईंनी ओवाळलं आणि तात्यांनी ताटात स्टीलचा डबा ठेवला. दर वर्षी साडी-खण असायचा. म्हणाले, “हा ने. ह्यो गंजत बी नाय अन् कुजत बी नाय.” बाईंनी डबा घेतला. परत येताना एस. टी. त त्या डब्याचं झाकण लावत-काढत बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं.

सुकवलेल्या तुकड्यात मात्र पीक असं आलं की विचारू नका. कोबीचा गड्डा दोन हातांत मावेना. तात्या गावभर मिरवले. दुसऱ्या वर्षीही तेच. आणि दुसरा पावसाळा सरल्यावर एके दिवशी कोबी काढताना त्यांच्या पायाला पाइप लागला. जमिनीबरोबर ठोकलेला पाइप चांगला वीतभर वर आला होता. पाइप खडकावर टेकलेला, तो काही वाढत नाही. म्हणजे माती कमी झाली. तात्यांनी हिशोब केला आणि निष्कर्ष काढला की माती चोरीला जातेय.

हसू नका. आमच्याकडे काळ्या पोयट्याला फार मान आहे. धरण आटलं की गाळाला ट्रॅक्टर लागतात, नर्सरीवाले खेपा नेतात. आणि तात्यांच्या बांधाला लागून अण्णांची बाग होती. अण्णा म्हणजे तात्यांचे शाळेपासूनचे दोस्त, फवारणीचा ब्लोअर दोघांत एक, छाटणीला मजूर दोघांचे मिळून. त्या साली अण्णांची बाग अशी हिरवीगार होती की तात्यांना पुरावा वेगळा लागलाच नाही. त्यांनी बांधावर राखणदार बसवला. चिखलाला राखणदार. सुरगाण्याकडचा म्हातारा, बाजेवर बसून दिवसरात्र माती बघायचा. त्याने महिनाभराने प्रामाणिकपणे सांगितलं की कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. तात्यांनी पाइपजवळ जाऊन बघितलं, तो आणखी जरा वर आलेला, आणि राखणदारही अण्णांना सामील आहे असं ठरवलं. मग चावडीपुढे दोघा दोस्तांची अशी जुंपली की अण्णा आपला निम्मा ब्लोअर मागायला लागले.

दिवाळी तोंडावर आली होती. वहिनींचा फोन आला, ताई, तुम्ही या, ह्यांचं डोकं फिरलंय, आता उरलेल्या निम्म्यालाही चर मारून सगळीच माती पत्र्याच्या कुंपणात घ्यायची म्हणतात. बाईंनी फोन ठेवला आणि बरण्या पुसायला घेतल्या. लोणच्याच्या, काचेच्या, एकसारख्या तीन. खण मी माझ्याच पिशवीत घातला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

धनत्रयोदशीला बाईंनी तात्यांच्या ओसरीवर दुकान मांडलं. तात्या समोर, अण्णा मुद्दाम बोलावून आणलेले, तोंड फिरवून बसलेले, आणि गावातली बरीच मंडळी खांबांना टेकून. बाईंनी अण्णांकडे त्यांची चुन्याची डबी मागितली. चुना पाण्यात कालवला, निवळू दिला, वरची स्वच्छ निवळी चार वाट्यांत ओतली. आधी अण्णांना पपईच्या देठाची नळी देऊन त्यातल्या एका वाटीत फुंकायला लावलं. निवळी दुधाळ झाली. बाई म्हणाल्या, आपण जो श्वास सोडतो तो चुन्याला लगेच कळतो. मग एका बरणीत कोबीच्या तुकड्यातली सुकी काळी माती, दुसरीत उरलेल्या हलत्या शेतातला चिखल त्याच्याच पाण्याखाली, तिसरी नुसती रिकामी. तिन्हींत ताजी निवळी भरलेली एकेक वाटी. झाकणं कणकेने लिंपून टाकली. “उद्या याच वेळी या,” म्हणाल्या, “चोर दाखवते.”

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव आंघोळी उरकून हजर. रिकाम्या बरणीतली निवळी काचेसारखी. पाण्याखालच्या चिखलाच्या बरणीत वाटीवर जेमतेम पुसटसा पापुद्रा. आणि कोबीच्या मातीच्या बरणीत निवळीवर अशी पांढरी जाड साय, की वहिनी म्हणाल्या, तूप निघेल. बाईंनी सांगितलं, पाणी गेलं, हवा आत शिरली, बांधलेल्या जिवांचे हातपाय सुटले. शेकडो वर्षांचं साठलेलं आता ते खाताहेत आणि श्वास सोडताहेत. कोबी मोठा येतो तो त्यातूनच. पाणी निघाल्यावर माती थोडी दबली, आणि बाकीची उडून गेली. अशीच जात राहील, खडक लागेपर्यंत.

“उडाली म्हंजी कुठं गेली?” तात्यांनी विचारलं.

बाईंनी हाताने वर दाखवलं. राखणदार म्हाताऱ्याने पण वर बघितलं. अण्णा उठले, आपली चुन्याची डबी उचलून खिशात टाकली आणि म्हणाले, “तात्या, माझ्या बागंत नाय ना गेली?” तात्यांच्या मानेपर्यंत लाल चढलं. ते अण्णांच्या गळ्यात वगैरे पडले नाहीत, एवढंच म्हणाले, ब्लोअर संध्याकाळी घेऊन जा, तुझी फवारणी आधी कर. पोरवयापासून भांडण मिटवायची त्यांची हीच तऱ्हा असावी, कारण अण्णा लगेच चहाला बसले.

तात्यांचं लक्ष मात्र दुसऱ्या बरणीवर होतं. पाण्याखालचा चिखल, वर जवळजवळ स्वच्छ निवळी. त्यांनी बरणी हातात घेतली, फिरवून बघितली.

“अन् ह्ये असंच ऱ्हातं?”

“पाणी आहे तोवर राहतं,” बाई म्हणाल्या.

आणि मग वहिनी, ज्या इतका वेळ दारात उभ्या होत्या, त्या हळू आवाजात नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, ताईंनी खण कुजायला नव्हता टाकला. ठेवला होता.”

मी पिशवीतून खण काढून तात्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उलगडला. काठावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. कुठे विरलेलं नाही, कुठे फाटलेलं नाही. वहिनींची खणाच्याच वर्षी घेतलेली पैठणी कपाटात घडीवर फाटली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाई खाली बघत म्हणाल्या, “सही केली त्याच दुपारी ठेवला. सगळं तुला लिहून दिलं, त्याचं काही नाही रे. पण म्हटलं आपलं काहीतरी तिथे असू दे. आणि टिकेल अशी तेवढीच जागा मला माहीत होती.”

तात्या उठून गोठ्याकडे गेले. माणूस रडायला गोठ्याकडे का जातो कोण जाणे, पण बराच वेळ आले नाहीत आणि बैल मात्र उगाच हंबरत होते. मलाही रडू फुटलं आणि मी चुन्याच्या नावावर खपवलं.

पाडव्याला जे.सी.बी.वाला सुट्टीवर, म्हणून तात्या, अण्णा आणि राखणदार स्वतः फावडी घेऊन चरात उतरले. दगडगोटे आणि चिकणमाती ठोकून ठोकून त्यांनी चराचं तोंड बंद केलं. तात्या अधूनमधून कोबीच्या नावाने हळहळत होते, आणि अण्णा त्यांना म्हणत होते की कोबी तर माझ्याकडेच येणार, तुझी माती माझ्या डोक्यावरनं उडती ना. बाई पदर खोचून बांधावरून सूचना देत होत्या आणि कोणीही ऐकत नव्हतं. संध्याकाळपर्यंत बांधाला टेकून तांबूस पाणी चढायला लागलं. बाईंनी त्यात हात बुडवला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. गेलेली माती परत यायला आता कित्येक पिढ्या लागतील, हे त्यांनी मला हळूच सांगितलं, पण एवढ्या आनंदात सांगितलं की मला ते दुःखाचं वाटलंच नाही.

भाऊबीजेला बाईंनी ओवाळलं. तात्यांनी ताटात काहीच ठेवलं नाही. म्हणाले, चल. सगळे हलत्या शेताकडे निघालो, वहिनी, अण्णा, मी, म्हातारा, आणि बाई त्यांच्या गमबुटांत, नव्या साडीवर. ओल्या अर्ध्या तुकड्याच्या काठाशी तात्या गुडघ्यावर बसले, दिवाळीच्या नव्या सदऱ्याची बाही वर सारली आणि खिशातून घडी घातलेला खण काढला. मग बहिणीकडे वर बघून त्यांनी विचारलं,

“किती खोल, ताई?”

इतक्या वर्षांत बाईंना तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी आपल्या खांद्याला बोट लावून दाखवलं. तात्यांनी हात घातला. कोपर गेलं, दंड गेला, नवा सदरा गेला, गाल चिखलाला टेकला, आणि त्या अवस्थेत ते हसायला लागले. ते हसले तसं ते सगळं शेत हललं, काठावरचं लव्हाळं डुललं आणि आमच्या पायाखालची जमीन खाली-वर व्हायला लागली. मग बाईंनी उडी मारली. साठीला टेकलेली बाई, नव्या साडीत. मग अण्णांनी मारली. मीही चपला काढून बाजूला ठेवल्या, या वेळी आठवणीने, आणि मारली.